अपघात झाला, आता क्लेम कसा टाकायचा? सोलापूरकरांसाठी सविस्तर माहिती

अपघाताच्या जागी पोलिसांच्या आधी एक माणूस हमखास पोहोचतो. "दवाखान्याचं आम्ही बघतो, केसबिस कशाला? आपसांत मिटवून टाकू," असं तो म्हणतो. गाडीवाला घाबरलेला असतो, जखमीच्या घरच्यांना कोर्टकचेरी नको असते, आणि पाच-दहा हजारांत विषय मिटतो. पंधरा दिवसांनी डॉक्टर सांगतात, पायात रॉड टाकावा लागेल, सहा महिने काम बंद. तोवर मिटवणाऱ्याचा फोन लागत नसतो आणि गाडीचा नंबर कोणीच लिहून घेतलेला नसतो.

मिटवून घेणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दया असते: बिचारा ड्रायव्हर, त्याचं घर बुडेल. पण रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तो नेमका याच कामासाठी असतो. विमा चालू असेल आणि पॉलिसीच्या अटी पाळलेल्या असतील, तर भरपाई कंपनी देते, ड्रायव्हर नाही. त्यामुळे दया जरूर करा, पण एफआयआर झाल्यावर.

हा लेख मुख्यतः रस्त्यावरच्या अपघाताबद्दल आहे. कारखान्यात यंत्रावर हात सापडला, तर मार्ग वेगळा: ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर ईएसआय, नसेल तर मालकाकडून कर्मचारी भरपाई. तिथे चूक कोणाची हा प्रश्न सहसा येत नाही. ड्यूटीवरचा ड्रायव्हर रस्त्यावर जखमी झाला तर त्याला कर्मचारी भरपाई किंवा मोटार अपघाताचा दावा, यांपैकी एकच निवडावं लागतं.

पहिले दोन दिवस

आधी माणूस, मग कागद. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. नाव सांगायचं की नाही हेसुद्धा त्याच्या मर्जीवर आहे.

पैशांसाठी उपचार थांबवू नका. केंद्र सरकारच्या मे २०२५ मधल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल करतानाच विचारा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचंही तिथेच विचारून घ्या.

घरातल्या एकाने जागेवरचे फोटो काढावेत: दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट, गाड्या कुठे थांबल्या, ब्रेकच्या खुणा, फुटलेल्या काचा, आजूबाजूची दुकानं. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर गाडीचा विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. पुणे रोडवर मोहोळकडून येताना गाडी धडक देऊन पळाली असेल, तर सावळेश्वर टोलनाक्याचे कॅमेरे कामाला येतात. पण फुटेज फार दिवस ठेवलं जात नाही. तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

केस पेपरवरची ती एक ओळ

माझ्या मते अर्धा दावा इथेच जिंकला किंवा हरला जातो, म्हणून जरा थांबून सांगतो.

जखमीला सिव्हिलला आणा नाहीतर खासगी हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर विचारतो, "काय झालं?" सोबत आलेला शेजारी धांदलीत सांगून टाकतो, "गाडीवरून पडला." डॉक्टर केस पेपरवर तसंच लिहितो: दुचाकी घसरून पडल्याने इजा. धडक देणाऱ्या टेम्पोचा उल्लेखच नाही. दोन दिवसांनी एफआयआरमध्ये टेम्पो येतो. दोन वर्षांनी उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील तोच केस पेपर पुढे धरतो आणि म्हणतो, हा माणूस स्वतःच पडला होता, टेम्पो मागाहून घुसडलाय. असे खोटे दावे खरंच होतात, त्यामुळे कोर्टही संशयाने बघतं. खरा जखमी मात्र त्यात भरडला जातो.

म्हणून कॅज्युअल्टीत स्पष्ट सांगा: कोणत्या वाहनाने, कोणत्या बाजूने, कुठे, किती वाजता धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही सांगा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद झाली का ते विचारा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा. डिस्चार्ज कार्डवरही तीच हकीकत उतरते, ते हातात पडल्यावर वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नका.

पोलीस ठाणं

सोलापुरात एक घोटाळा नेहमी होतो. शहराची हद्द पोलीस आयुक्तालयाकडे, बाहेरची ग्रामीण पोलिसांकडे. अपघात मोहोळजवळ होतो, जखमी सिव्हिलला दाखल होतो, जबाब हॉस्पिटलातल्या चौकीत होतो आणि कागद मोहोळला जातात. घरचे समजतात केस झाली, पण गुन्हा दाखल झालेला नसतो. हद्दीच्या ठाण्यात स्वतः जाऊन गुन्हा नंबर घ्या. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवत असेल तर हद्द न बघता गुन्हा नोंदवण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. जखमी प्रकरणात भारतीय न्याय संहितेची कलमं साधारणपणे २८१ आणि १२५ लागतात, मृत्यू झाला असेल तर १०६.

फिर्याद द्यायला उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. माणूस आयसीयूत असताना घरचे आधी ठाण्यात पळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलेलं आहे. फक्त उशिराचं कारण फिर्यादीत लिहून घ्या.

घटनास्थळाचा पंचनामा वाचा, शक्य असेल तर पंचनाम्याच्या वेळी घरचं कोणीतरी तिथे असू द्या. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात याचं मोल कळतं. रात्री उसाने भरलेली डबल ट्रॉली रस्त्यात पंक्चर होऊन उभी असते. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना दगड-फांदीची खूण. दुचाकीवाला मागून आदळतो. नुसतं "मोटारसायकलने उभ्या ट्रॉलीला पाठीमागून धडक दिली" एवढंच लिहिलं गेलं, तर सगळा दोष दुचाकीवर. त्यात रिफ्लेक्टर नसल्याचं, ट्रॉली डांबरी पट्ट्यावर किती फूट आत होती याचं, रस्त्यावर उजेड नसल्याचं आलं, की चित्र पालटतं. शिवाय ट्रॅक्टरचा विमा आणि ट्रॉलीचा विमा वेगळा बघावा लागतो. पॉलिसीत ट्रॉलीची नोंद नसेल तर कंपनी हमखास हात वर करते. दोन्हींचे नंबर एफआयआरमध्ये यायला हवेत.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर ही व्यवस्था झकास आहे. प्रत्यक्षात तपास अधिकाऱ्याला अहवाल गेला का हे विचारत राहावं लागतं, आणि त्याच्यावर विसंबून स्वतःचा अर्ज लांबवू नये.

मुदत आणि जागा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. उशीर झालेल्यांनी वकिलाला जरूर भेटावं. पण अंतरिम आदेश कधीही बदलू शकतो. ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांनी सहा महिने हीच मुदत मानावी.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, म्हणजे आपल्याकडे जिल्हा न्यायालयात. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे, यांपैकी कुठेही तो टाकता येतो. सोलापूर सीमेवरचं गाव असल्याने हे फार सोयीचं आहे. गाणगापूरला दर्शनाला जाताना कर्नाटकात अपघात झाला, गाडी तेलंगणाची होती, तरी सोलापूरचा रहिवासी सोलापुरात क्लेम टाकू शकतो. परराज्यातल्या ठाण्यातून कागद आणण्याची दगदग तेवढी चुकत नाही.

सामनेवाले तीन: ड्रायव्हर, आरसी बुकावरचा मालक आणि विमा कंपनी. गाडी विकली पण नावावर केली नाही, अशी प्रकरणं रगड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक. जुनी गाडी नुसत्या सह्या करून देऊन टाकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. एसटीने धडक दिली असेल तर महामंडळच सामनेवाला.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर न्यायाधिकरण नव्हे, तहसील किंवा प्रांत कार्यालय. हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. तपासात गाडी सापडली नाही असा पोलिसांचा कागद सोबत लागतो.

आणखी एक वाट कलम १६४ ची. तिथे चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. ती स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. त्यामुळे कायमचं अपंगत्व आलेल्या कमावत्या माणसाने घाईने अडीच लाखांवर सही करणं मला पटत नाही. पुढचा हिशेब बघा म्हणजे कारण कळेल.

रक्कम कशी ठरते

दवाखान्याचं बिल हा भरपाईचा एक भाग झाला. त्याशिवाय पुढचे उपचार (प्लेट काढायचं ऑपरेशन लोक विसरतात, डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घ्या), येण्याजाण्याचा खर्च, सांभाळायला बसलेल्या माणसाचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, वेदना, आणि सगळ्यात मोठी गोष्ट: कमाईची ताकद किती घटली.

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालवणारा ३८ वर्षांचा कामगार आहे. महिना १५,००० रुपये. उजव्या पायाचं हाड नीट जुळलं नाही, गुडघा पूर्ण वाकत नाही. प्रमाणपत्रावर अपंगत्व ३० टक्के. वर्षाची कमाई १,८०,०००. चाळिशीच्या आतला आणि कायम नोकरी नसलेला, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,०००. ३६ ते ४० वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयाप्रमाणे ठरलेला आकडा) १५, म्हणजे ३७,८०,०००. त्याचे ३० टक्के होतात ११,३४,०००.

पण यंत्रमागावर आठ-बारा तास उभं राहावं लागतं. हा माणूस आता माग चालवूच शकत नाही, बसून होणारं कमी पगाराचं काम करू शकतो. कोर्टाने कमाईची घट ५० टक्के धरली, तर आकडा १८,९०,००० होतो. साडेसात लाखांचा फरक, आणि तो एका प्रश्नाच्या उत्तरावर: या माणसाला नेमकं कोणतं काम आता जमत नाही? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की डॉक्टरांनी दिलेला टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय गेलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये ही घट ८५ टक्के धरली गेली.

हा फरक आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, आणि टक्का एका अवयवाचा आहे की पूर्ण शरीराचा, हे त्यात यावं लागतं. मुकादम किंवा सोबतच्या कामगाराने येऊन सांगावं लागतं की हे काम उभ्याने, पळापळ करत करायचं असतं. वकिलाला तुमचा धंदा समजावून सांगा. त्याने कधी माग बघितला असेलच असं नाही.

मृत्यूच्या दाव्यात गणित हेच, फक्त मयताचा स्वतःचा खर्च वजा होतो: दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहित असेल तर साधारण निम्मा. वयाप्रमाणे गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला, भविष्यातल्या वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले.

कागद

कमाईचा पुरावा नाही म्हणून लोक आधीच हिंमत सोडतात. वर सांगितलेल्या भाजीविक्रेत्याकडेही कागद नव्हता. कोर्टाने महिना ६,५०० रुपये कमाई धरली आणि अशा माणसाकडून लेखी पुरावा मागता येणार नाही असं म्हटलं. तरी जे असेल ते गोळा करा. विडी कामगार बाईचा पीएफचा उतारा हा उत्तम पुरावा आहे. चादर कारखान्यातल्या माणसाची पगाराची नोंद, शेतकऱ्याचा सातबारा आणि कारखान्याची ऊसबिलं, रिक्षावाल्याचं परमिट, किराणा दुकानदाराचं बँक पासबुक. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या कामाचंही मोल कोर्ट धरतं. "ती काही कमवत नव्हती" असं अर्जात लिहू देऊ नका.

वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढा. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अपघाताच्याच प्रकरणात म्हटलं आहे. एका वर्षाच्या फरकाने गुणक बदलू शकतो.

औषधांची बिलं चिठ्ठीसोबत लावून तारखेप्रमाणे ठेवा. औषध दुकानातल्या बिलाची शाई काही महिन्यांत उडते, झेरॉक्स लगेच काढा. मेडिक्लेम असेल तर ती कंपनी मूळ बिलं मागते. देण्याआधी हॉस्पिटलचा शिक्का मारलेल्या प्रती घ्या. मेडिक्लेम मिळाला म्हणून ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचाही दावा करा. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

पोलिसांकडून एफआयआर, पंचनामा, जबाब, आरटीओची वाहन तपासणी, लायसन्स, आरसी आणि पॉलिसीच्या प्रती घ्याव्या लागतात. ते काम वकिलाचा कारकून करून देतो.

वकील, एजंट आणि टक्केवारी

हॉस्पिटलच्या आवारात कॉटपर्यंत येऊन "क्लेम करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. व्यवहारात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण एकदा नियम माहीत असला की फीची बोलणी सरळ होते. फी किती, कधी, आणि कागदांचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड कोणाच्याही ताब्यात देऊ नका.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळू शकतो. कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं, हेल्पलाइन १५१००.

विमा कंपनीचा तपासनीसही घरी येईल. गोड बोलतो. त्याने लिहिलेला जबाब वाचल्याशिवाय सही नको, इंग्रजीत असेल तर मुळीच नको.

कोर्टात ते काय म्हणतील

हेल्मेट नव्हतं, तिघे बसले होते, लायसन्स नव्हतं. पहिल्या मुद्द्यावर, विशेषतः डोक्याला मार असेल तर, रक्कम काही प्रमाणात कमी होऊ शकते. तिघे बसले एवढ्यावरून दोष चिकटत नाही; त्यामुळेच अपघात झाला हे कंपनीने दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. धडक देणाऱ्या ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल, तर बऱ्याचदा कोर्ट कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला तरी भरपाईचा दावा पडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी वेगळी असते.

लोकअदालत

कंपनीने तडजोडीचा आकडा दिला, की वर केलेला हिशेब स्वतः करून बघा. लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, पण तिथला निवाडा अंतिम, अपील नाही. पक्की नोंद, स्वच्छ कागद आणि साधी दुखापत असेल तर थोडं कमी घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं. अपंगत्व कायमचं असेल आणि डॉक्टरांची साक्ष अजून व्हायची असेल, तर माझं मत थांबण्याकडे आहे. अर्जाच्या तारखेपासून कोर्ट सहसा व्याजही देतं, त्यामुळे थांबणं अगदीच फुकट जात नाही.

निकालानंतर

निकालापासून ३० दिवसांत रक्कम भरायची असते. ती बहुधा सगळी एकदम हातात पडत नाही. काही भाग बँकेत मुदतठेवीत ठेवायला कोर्ट सांगतं, अल्पवयीन मुलांचा वाटा तर ठेवतंच. ऑपरेशन, शिक्षण, घरदुरुस्ती अशा कारणासाठी ठेव मोडायची असेल तर कागद जोडून कोर्टाकडे अर्ज करावा लागतो.

रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. वाद एक लाखाच्या आतला असेल तर अपील चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सोलापूर जिल्ह्याची अपिलं तिकडे जातात, मुंबईच्या खेपा वाचल्या. कंपनीने अपील केलं तर तिला आधी काही रक्कम भरावी लागते. भरलेल्या रकमेतून काही भाग काढून घेण्याची परवानगी अपील चालू असतानाही मागता येते.

मुदतीत पैसे आलेच नाहीत, तर कलम १७४ खाली न्यायाधिकरणाकडून वसुलीचा दाखला घ्यायचा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. हा अर्ज आपण केल्याशिवाय कोणी करत नाही. निकालाची तारीख लिहून ठेवा आणि ३० दिवस उलटले की वकिलाला विचारा, दाखल केला का.